जुना आरपीजी नव्या खेळाडूच्या हाती देताना

खेळाडू आपल्या पात्राला चिलखत चढवतो आणि संरक्षणाचा आकडा १० वरून ३ वर येतो. आकडा घसरला म्हणजे नुकसान झालं, असं समजून तो चिलखत उतरवून ठेवतो. पुढच्या लढाईत पात्र मरतं, मग आणखी दोनदा मरतं, आणि गेम बंद होतो तो कायमचा. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये हा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त. अंगावर काहीच नसेल तर १०, साखळीचं चिलखत असेल तर ५, पोलादी पत्र्यांचं असेल तर ३. त्या वेळच्या खेळाडूला हे कळायचं, कारण खोक्यात जाड छापील पुस्तिका यायची, आणि अनेकांनी हेच नियम टेबलाभोवती बसून फासे टाकून आधी खेळलेले असायचे. आज गेम डाउनलोड होतो. पुस्तिका पीडीएफ होऊन कुठल्यातरी फोल्डरात पडून असते.

कल्ट क्लासिक म्हणजे फार लोकांपर्यंत न पोहोचलेला, पण ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांच्या मनात घर करून राहिलेला गेम. असा रोल-प्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे एखादं पात्र घडवत, वाढवत कथेतून जायचा गेम) पुन्हा उभा करायचा म्हणजे चित्रं नवी करायची, असा सर्वसाधारण समज आहे. चित्रं हा त्यातला सोपा भाग. गेममधली कुठली अडचण मुद्दाम ठेवलेली आहे आणि कुठली नुसतीच राहून गेलेली, हे ओळखणं खरं कठीण. घाटरस्त्यात दोन गोष्टी दमवतात : वळणं आणि खड्डे. वळणं काढली तर तो घाटच उरत नाही. खड्डे बुजवले तर कुणाचंच काही जात नाही. उलटा चालणारा संरक्षणाचा आकडा हे वळण आहे. तो उलटा चालतो हे कुठेच न सांगणं हा खड्डा. पुढचं सगळं काम हा फरक सांभाळण्याचं.

आधी हक्क

गेम ही कागदोपत्री एक वस्तू नसते. नाव एकाचं, कथा घडते ते काल्पनिक जग दुसऱ्याचं, इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, तिसऱ्याचं. संगीत आणि पात्रांचे आवाज वेगळ्या करारांवर, आणि व्हिडिओ चालवणारा तयार भाग आणखी कुणाचा. 'व्हँपायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स' (२००४) घडवला ट्रॉइका गेम्सनं, प्रकाशित केला ॲक्टिव्हिजननं, इंजिन व्हॉल्व्हचं, आणि जग व्हाइट वुल्फच्या टेबलावरच्या खेळातलं. ट्रॉइका २००५ मध्ये बंद झाली. 'सिस्टम शॉक २' (१९९९) घडवणाऱ्यांपैकी एक, लुकिंग ग्लास स्टुडिओ, २००० मध्ये बंद पडला. हक्क एका विमा कंपनीकडे गेले आणि व्यापारचिन्ह इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे राहिलं. जुने गेम पुन्हा बाजारात आणणाऱ्या नाइटडाइव्हनं २०१२ मध्ये या गुंत्यात हात घातला, तेव्हा कुठे २०१३ मध्ये गेम पुन्हा विकत मिळू लागला.

म्हणून कोडला हात लावण्याआधी एक तक्ता करावा : गेममधला प्रत्येक घटक, त्याचा मालक, करार कोणत्या उपकरणांपुरता आहे, आणि किती वर्षांचा आहे. हमखास राहून जातात ती गाणी आणि आवाज. इंटरनेटवरून गेम विकण्याची कल्पनाही नव्हती तेव्हाचे हे करार असतात, आणि त्यात फक्त डिस्कवरच्या विक्रीचा उल्लेख असू शकतो. ज्या घटकाचा मालक सापडत नाही तो बदलावा लागेल, हे सुरुवातीलाच ठरवून ठेवावं. शेवटच्या महिन्यात गाणं बदललं की त्या गाण्यावर बेतलेले प्रसंग, तोंडाच्या हालचाली, वेळा, सगळंच हलतं.

कपाटात काय सापडतं

गेम विकला जातो तो प्रोग्रॅमच्या तयार, यंत्राला कळणाऱ्या रूपात. माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड. तो जपून ठेवण्याची पद्धत पूर्वी फारशी नव्हती, आणि तो हरवलेला असणं ही आश्चर्याची गोष्ट नाही. 'आइसविंड डेल २'चा (२००२) सोर्स कोड सापडला नाही, म्हणून त्याच इंजिनावरच्या बाकीच्या गेमसारखी त्याची अधिकृत सुधारित आवृत्ती निघू शकली नाही. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'चा (१९९७) कोडही उरलेला नव्हता. २०२५ च्या आवृत्तीसाठी विकल्या गेलेल्या प्रतींचा अभ्यास करून तो पुन्हा बांधावा लागला. 'बाल्डर्स गेट'च्या बाबतीत कोड होता, पण पार्श्वभूमीची चित्रं ज्या त्रिमितीय फायलींवरून काढली होती त्या मिळाल्या नाहीत. त्यामुळे २०१२ च्या सुधारित आवृत्तीत तीच चित्रं मोठ्या आकारात नव्यानं काढता आली नाहीत.

कोड सापडला तरी लगेच हुरळून जाऊ नये. पहिली परीक्षा अशी : त्या काळचाच कंपायलर (सोर्स कोडचं यंत्राला कळणारं रूप करणारा प्रोग्रॅम), त्याच आवृत्तीचा, एका आभासी संगणकावर बसवायचा, त्यातून गेम तयार करायचा आणि विकल्या गेलेल्या शेवटच्या आवृत्तीशी ताडून पाहायचा. इथे अनेकदा एक गोष्ट उघडी पडते. कपाटातला कोड हा शेवटच्या पॅचच्या, म्हणजे विक्रीनंतर दिलेल्या दुरुस्तीच्या, आधीचा असतो. तो तसाच वापरला तर वीस वर्षांपूर्वी दुरुस्त झालेल्या चुका नव्या आवृत्तीत परत येतात, आणि जुने खेळाडू त्या पहिल्याच दिवशी ओळखतात. फरक सापडला की शेवटच्या पॅचची फाईल घिड्रासारख्या साधनानं उलगडून, नेमकं काय बदललं होतं ते एकेक करून कोडमध्ये परत आणावं लागतं.

किती खोलवर हात घालायचा

सर्वांत उथळ मार्ग वेष्टनाचा. मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याच्या व आजच्या संगणकाच्या मध्ये एक दुभाष्या बसवायचा. जुना गेम जुन्या ग्राफिक्सच्या भाषेत काही मागतो, दुभाष्या ते आजच्या कार्डाला कळेल अशा भाषेत पोहोचवतो. डीजीव्हूडू हे अशाच कामाचं साधन आहे. काम काही आठवड्यांत होतं, पण गेमच्या आतल्या पडद्यांना, अक्षरांना, नियमांना हात लावता येत नाही.

दुसरा मार्ग इंजिन नव्यानं लिहिण्याचा. गेमच्या डेटा फायली मूळच्याच, त्या वाचून चालवणारा प्रोग्रॅम मात्र कोरा. 'मॉरोविंड'साठी (२००२) ओपनएमडब्ल्यू २००८ पासून चाहत्यांनी असा घडवला. 'डॅगरफॉल' (१९९६) बेथेस्डानं २००९ मध्ये मोफत केला, आणि त्यासाठी चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या इंजिनाची, डॅगरफॉल युनिटीची, १.० आवृत्ती २०२३ च्या अखेरीस आली. वर्षं पाहिली की या मार्गाची किंमत कळते. ओपनएमडब्ल्यूसारखे प्रकल्प फक्त इंजिन देतात, डेटा खेळाडूनं स्वतः विकत घेतलेल्या प्रतीतून आणायचा असतो. त्यांचा कायदेशीर पाया हाच आहे, त्यामुळे यात तडजोड चालत नाही.

तिसरा मार्ग रिमास्टर, म्हणजे मूळ कोड दुरुस्त करून, चित्र-ध्वनी सुधारून नवा पडदा देणं. चौथा रिमेक, म्हणजे सगळंच नव्यानं. 'लाइव्ह ए लाइव्ह' (१९९४) हा तोवर जपानबाहेर अधिकृतपणे कधीच न आलेला गेम २०२२ मध्ये रिमेक होऊनच जगासमोर आला.

या दोन्हींच्या मधली एक वाट कल्ट गेमसाठी सगळ्यांत चांगली आहे : खाली जुना गेम, वर नवं रूप. डिजिटल एक्लिप्सनं 'विझर्ड्री'चा (१९८१) असा नवा अवतार २०२४ मध्ये पूर्ण केला. खाली ॲपल २ साठीचा मूळ प्रोग्रॅम चालतो, वर त्रिमितीय तळघर दिसतं, आणि हवं तर कोपऱ्यात जुना पडदाही चालू ठेवता येतो. २०२५ च्या 'ऑब्लिव्हियन रिमास्टर्ड'मध्येही चित्र अनरिअल इंजिन ५ काढतं, पण दार उघडतं की नाही, बाण लागला की नाही, हे मूळ इंजिन ठरवतं. ही वाट चांगली याचं कारण असं की आरपीजीचा स्वभाव एखाद्या ठळक कल्पनेत नसतो. तो हजारो बारीक आकड्यांत आणि त्यांच्या एकमेकांवरच्या परिणामांत पसरलेला असतो. ते सगळं नव्यानं लिहिताना काहीतरी निसटतंच, आणि काय निसटलं ते कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

नुसता सुरू होण्यासाठी

चित्रं आणि नियम नंतर. आधी गेम आजच्या विंडोजवर उघडला पाहिजे, आणि तो न उघडण्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात.

इन्स्टॉलर, म्हणजे गेम संगणकावर बसवणारा प्रोग्रॅम, जुन्या १६-बिट प्रकारचा असतो. गेम स्वतः ३२-बिटचा असला तरी ६४-बिट विंडोज तो इन्स्टॉलर चालवतच नाही, म्हणून फायली थेट उतरवून घ्याव्या लागतात. दुसरं कारण डिस्कच्या कुलपाचं. सेफडिस्क नावाची कॉपी-प्रतिबंधक यंत्रणा विंडोजमधल्या एका ड्रायव्हरवर अवलंबून होती. विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हर नाही, म्हणून खरी, विकत घेतलेली डिस्कसुद्धा चालत नाही. नव्या आवृत्तीतून हे कुलूप पूर्ण काढावंच लागतं.

तिसरं कारण जास्त फसवं आहे. जुने गेम आपले सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. तो फोल्डर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असेल तर विंडोज तिथे लिहू देत नाही. मात्र ते नकारही देत नाही, लिहिलेली फाईल गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्या जागी ठेवतं. खेळाडू सेव्ह शोधतो, सापडत नाहीत. किंवा गेम एकदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की आधीचे सगळे सेव्ह नाहीसे झालेले दिसतात. उपाय साधा : सेव्हची जागा वापरकर्त्याच्या दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये हलवायची, आणि पहिल्यांदा सुरू होताना जुन्या दोन्ही जागी सेव्ह सापडले तर ते आपणहून उचलून आणायचे.

चौथी गोष्ट स्मृतीची. ३२-बिट प्रोग्रॅमला एरवी २ जीबीच स्मृती मिळते. प्रोग्रॅमच्या फाईलमधली एक खूण बदलली की ६४-बिट विंडोजवर ती ४ जीबीपर्यंत जाते. मूळ चित्रांना २ जीबी भरपूर होते, पण चौपट मोठी चित्रं घातली की गेम तासाभरानं कोसळायला लागतो आणि दोष बिचाऱ्या चित्रांना लागतो.

घड्याळ

सगळ्यांत जास्त चुका वेळेत लपलेल्या असतात. जुन्या गेममध्ये 'एक चित्र काढलं की जग एक पाऊल पुढे सरकतं' अशी सरळ रचना असायची. 'बाल्डर्स गेट'ची सेटिंग सेकंदाला ३० ची होती, आणि ती वाढवली की चित्र गुळगुळीत होण्याऐवजी सगळं जगच जोरात धावू लागायचं. 'फॉलआउट २' (१९९८) मध्ये जगाच्या नकाशावरची चाल संगणकाच्या वेगाशी बांधलेली होती. वेगवान संगणकावर प्रवास झटक्यात उरकतो आणि वाटेत होणाऱ्या चकमकींचं प्रमाण बिघडतं. चाहत्यांच्या एसफॉल पॅचमध्ये यासाठी वेगळ्या सेटिंग आहेत.

उपाय असा की नियमांचं घड्याळ आणि चित्राचं घड्याळ वेगळं करायचं. नियम मूळच्याच ठोक्यावर चालू द्यायचे, समजा सेकंदाला ३०. चित्र ६० किंवा १२० वेळा काढायचं, आणि दोन ठोक्यांच्या मधली स्थिती अंदाजानं भरायची : पात्र मागच्या ठोक्याला इथे होतं, या ठोक्याला तिथे आहे, तर आत्ता मध्ये दाखवा. यात दोन ठिकाणी घसरायला होतं. पात्र एका जागेवरून एकदम दुसरीकडे प्रकट झालं तर हा हिशेब त्याला खोलीभर घसरत नेतो, म्हणून अशा उड्यांना खूण करून तिथे मधली चित्रं बंद ठेवावी लागतात. आणि संगणक क्षणभर अडकला तर राहिलेले ठोके भरून काढण्याच्या नादात तो आणखी अडकत जातो, म्हणून एका चित्रामागे जास्तीत जास्त चार-पाच ठोक्यांची मर्यादा घालावी.

फाशांचंही असंच. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीतलं यादृच्छिक संख्या देणारं फंक्शन ० ते ३२७६७ मधली संख्या देतं. इतर अनेक ठिकाणी तेच फंक्शन दोन अब्जांच्या पुढे जातं. कोडमध्ये कुठे '३२७६८ नं भागा' असं असेल तर नव्या उपकरणावर प्रत्येक फासा शंभर टक्क्यांच्या पार जातो आणि दुर्मीळ वस्तू पहिल्याच पेटीत मिळते. संख्या देणारा मूळ हिशेब स्वतःच्या कोडमध्ये लिहून घ्यावा, उपकरणावर सोडू नये.

पडदा आणि अक्षरं

३२० × २०० चं जुनं चित्र ४:३ च्या मॉनिटरवर पूर्ण ताणून दिसायचं. म्हणजे त्यातला प्रत्येक ठिपका चौरस नसून रुंदीपेक्षा थोडा उंच होता. आज तेच चित्र चौरस ठिपक्यांनी मोठं केलं तर माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. बरोबर हिशेब ५ पट रुंद आणि ६ पट उंच, म्हणजे १६०० × १२००. १०८० उंचीच्या पडद्यावर मात्र १४४० × १०८० लागतं, तिथे पट ४.५ आणि ५.४ असे अर्धवट येतात आणि काही ठिपके जाड, काही बारीक दिसू लागतात. म्हणून आधी ५ × ६ पट पूर्णांकात मोठं करायचं आणि मग तिथून १४४० × १०८० पर्यंत मऊपणे लहान करायचं.

६४० × ४८० च्या गेमचं दुखणं वेगळं. तो १९२० × १०८० वर तसाच उघडला तर जगाचा पावणेसात पट भाग एकदम दिसतो. खेळाडूला ते आवडतं, पण अक्षरं मुंगीएवढी होतात. शिवाय प्रवेशाची वाट पाहत पडद्याबाहेर उभी केलेली पात्रं आधीच दिसू लागतात, आणि लहान खोल्यांच्या चारही बाजूंना काळी पट्टी येते. झूमची सोय द्यावी, तिला मर्यादा असावी, आणि कथेच्या ठरलेल्या प्रसंगांत कॅमेरा मूळ चौकटीच्या जवळपास आणावा.

यंत्रबुद्धीनं चित्रं मोठी करण्याचा मोह हल्ली सगळ्यांना होतो. दगड, गवत, लाकूड चांगलं येतं. चेहरे आणि पाट्यांवरची अक्षरं नाही. सहा ठिपक्यांच्या तोंडाला यंत्र स्वतःच्या मनानं हसू किंवा दुःख देतं. चेहऱ्यांसाठी चित्रकारच बसवावा, खर्च वाढला तरी.

अक्षरांकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, आणि वाचक-खेळाडू सगळ्यांत जास्त तिथेच गळतात. 'फायनल फँटसी'च्या पिक्सेल रिमास्टर मालिकेवर २०२१ मध्ये मोठी टीका झाली ती इंग्रजी अक्षरांच्या चिंचोळ्या वळणावर. २०२३ च्या कन्सोल आवृत्तीत अक्षरवळण निवडण्याची सोय द्यावी लागली. 'क्रोनो ट्रिगर'ची २०१८ ची संगणक आवृत्ती मोबाइलचे पडदे आणि पुसट चित्रं घेऊन आली, आणि पुढचे काही महिने पॅच काढून ती दुरुस्त करावी लागली. 'प्लेनस्केप: टॉरमेंट'सारखा (१९९९) गेम म्हणजे जवळजवळ वाचनच आहे. तिथे अक्षरांचा आकार १०० ते २०० टक्क्यांपर्यंत बदलता आला पाहिजे आणि संवादाची चौकट त्यासोबत वाढली पाहिजे. चौकट तीच ठेवून नुसतं अक्षर वाढवलं तर उत्तराचे पर्याय खाली गडप होतात, आणि खेळाडूला चौथा पर्याय होता हे कळतही नाही.

अनुवाद करायचा असेल तर आणखी एक पायरी. जुनी इंजिनं एका बाइटला एक अक्षर धरतात आणि अक्षरं डावीकडून उजवीकडे ठोकळ्यांसारखी रचत जातात. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी साठवली जाते क नंतर, दिसते मात्र आधी. जोडाक्षरांचं तर ठोकळ्यांनी जमणारच नाही. हार्फबझसारखी अक्षरजुळणी करणारी लायब्ररी इंजिनमध्ये बसवावी लागते, आणि ते काम मजकूर अनुवादकाकडे जाण्याच्या आधी व्हायला हवं.

नियम : आधी दाखवा, मग बदला

आता मुख्य विषय. 'बाल्डर्स गेट'मध्ये प्रत्येक पात्राला एक 'थॅको' आकडा असतो. वार लागण्यासाठी २० बाजूंच्या फाशावर किती पडायला हवं, तर थॅको वजा समोरच्याचा संरक्षण-आकडा. पहिल्या पातळीचा योद्धा, थॅको २०, समोरच्याचं संरक्षण ५ : पंधरा किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे वीसपैकी सहा बाजू, म्हणजे ३० टक्के. हातात +१ ची, म्हणजे फाशात एकची भर घालणारी, तलवार आली की ३५. हे कळलं की दहापैकी सात वार का हुकतात ते कळतं आणि वैताग जातो. आता नव्या आवृत्तीत काय करावं? नियम उलटा करून 'जास्त म्हणजे चांगलं' असं करावं का? तसं केलं तर प्रत्येक वस्तू, प्रत्येक मंत्र, प्रत्येक शत्रूचे आकडे आणि संवादांतले उल्लेख बदलावे लागतात. त्याऐवजी शत्रूवर माउस नेला की 'लागण्याची शक्यता ३०%' एवढंच दाखवा. चिलखताच्या आकड्याशेजारी 'कमी तितकं चांगलं' आणि हिरवा बाण द्या. नियम जागेवर राहतो, खड्डा बुजतो.

खुणा, आकडे, इशारे यांनी जे भागतं तिथे नियमाला हात लावू नये. पण काही वेळा नियमच खड्डा असतो. 'शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न'मध्ये दोन राक्षस एकत्र करून तिसरा बनवताना कोणतं कौशल्य पुढे जाणार ते फाशावर होतं. पण यादी आधी दिसायची आणि माघार घेता यायची. त्यामुळे खेळाडू हवी ती यादी येईपर्यंत रद्द-पुन्हा, रद्द-पुन्हा करत बसायचे. इथे कौशल्य लागतच नाही, फक्त अंगठा दुखतो. एचडी आवृत्तीत कौशल्यं हातानं निवडता येऊ लागली. हा बदल योग्य होता, आणि तो ओळखण्याची कसोटीही यातून मिळते : खेळाडू एखाद्या अडचणीवर विचार करून मात करत असेल तर ते वळण, नुसता वेळ घालवून मात करत असेल तर तो खड्डा.

मूळ 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) पातळी वाढताना गुणांना किती बढती मिळणार हे त्या पातळीत कोणती कौशल्यं किती वेळा वाढली यावर ठरायचं. शत्रू मात्र पातळीनुसार बळकट होत जायचे. परिणामी बोलणं, व्यापार, मंत्र यांत रमणारा खेळाडू पातळी वाढली की उलट दुबळा पडायचा, आणि जाणकार कागदावर हिशेब मांडून कौशल्यं वाढवायचे. रिमास्टरमध्ये प्रत्येक पातळीला वाटून घ्यायला ठरलेले १२ गुण दिले. शत्रूंची वाढ तशीच राहिली, पण तिच्यासोबत चालण्याची संधी सगळ्यांना मिळाली.

नियम बदलताना कोणती गोष्ट त्यावर टेकून उभी आहे हे न पाहिल्यास काय होतं, ते 'टॅक्टिक्स ओगर'च्या दोन आवृत्त्यांत दिसतं. २०१० च्या पीएसपी (हातात धरायचं गेमयंत्र) आवृत्तीत पातळी सैनिकाची न राहता त्याच्या पेशाची झाली. कल्पना चांगली होती : नवा धनुर्धारी भरती केला की तो लगेच बाकीच्या धनुर्धाऱ्यांच्या पातळीवर. पण गेमच्या उत्तरार्धात मिळणारे नवे पेशे पहिल्या पातळीपासून सुरू व्हायचे, आणि तोवर लढाया इतक्या कठीण झालेल्या असायच्या की ते पेशे वापरायचे तर मागे जाऊन तासन्‌तास सराव करावा लागायचा. २०२२ च्या 'रिबॉर्न'मध्ये पातळी पुन्हा सैनिकाकडे आली, आणि कथेनुसार वाढत जाणारी कमाल मर्यादा लावली.

सोपेपणाच्या सोयी, जसं की अनुभवगुण दुप्पट, अचानक येणाऱ्या चकमकी बंद, लढाईचा वेग वाढवणं, या प्रत्येकीचं बटण वेगळं हवं आणि खेळ चालू असताना कधीही फिरवता आलं पाहिजे. 'सोपं-मध्यम-कठीण' अशा एकाच गाठोड्यात सगळं बांधलं, तर ज्याला फक्त चकमकी कमी हव्यात त्याला दुबळे शत्रूही घ्यावे लागतात.

पहिला तास

'बाल्डर्स गेट'मधल्या पहिल्या पातळीच्या जादूगाराचे प्राण साधारण ४. लांडग्याचा एक चावा पुरतो. इथे प्राण वाढवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण अशक्त जादूगार पुढे सगळ्यांत बलाढ्य होतो, आणि त्या चढाची मजा या चार प्राणांपासूनच सुरू होते. त्याऐवजी मरण स्वस्त करावं : प्रत्येक नव्या भागात शिरताना आणि प्रत्येक लढाईआधी आपोआप सेव्ह, मेल्यावर पाच सेकंदांत परत. आपोआप सेव्हसाठी तीन ते पाच फिरत्या जागा ठेवाव्यात. एकच ठेवली आणि ती मृत्यूच्या क्षणीच भरली गेली, तर खेळाडू अडकला. दुसरी काळजी अशी की एखादा संवाद किंवा प्रसंग चालू असताना सेव्ह करू नये. अर्धवट चाललेली स्क्रिप्ट सेव्हमध्ये अडकते, आणि वीस तासांनंतर एखादं दार कायमचं बंद राहतं. अशी चूक शोधणं अत्यंत कठीण असतं.

वाट दाखवण्याचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. 'मॉरोविंड'मध्ये नकाशावर बाण नाही. माणसं सांगतात : पूल ओलांडा, दुभाजलेल्या रस्त्याला उत्तरेकडे वळा, डाव्या हाताला दोन मोठे दगड दिसतील. हे ऐकून, वाचून, आजूबाजूला बघत चालणं हाच तो गेम आहे. बाण लावला की खेळाडू बाणाकडे बघतो आणि दगड दिसेनासे होतात. मात्र त्याच गेमची रोजनिशी सुरुवातीला निव्वळ तारीखवार होती, चाळीस तासांनंतर त्यात काही सापडायचं नाही. 'ट्रिब्युनल' विस्तारात कामगिरीनुसार वर्गवारी आली. म्हणजे बाण नको, पण सांगितलेली वाट पुन्हा वाचता यावी, ज्या गावाचं नाव कुणी घेतलं ते नकाशावर उमटावं, आणि खेळाडूला स्वतःची टीप टाचून ठेवता यावी. पूर्वी लोक वहीत लिहीत, ती वही आता गेमच्या आत द्यायची, एवढंच.

शिकवणारा धडा वेगळा, दहा मिनिटांचा ठेवण्यापेक्षा ज्या क्षणी गोष्ट लागते त्या क्षणी दोन ओळी दाखवणं चांगलं. पहिलं चिलखत हातात आलं की संरक्षणाबद्दल, पहिला वार हुकला की थॅकोबद्दल. एकदाच. आणि त्या सगळ्या ओळी नंतर एका जागी वाचता याव्यात.

कापून टाकलेलं परत जोडताना

'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' (२००४) घाईत बाहेर पडला आणि त्याच्या शेवटाकडचा बराच भाग कापला गेला. फायलींत मात्र संवाद, आवाज, खोल्या राहून गेल्या होत्या. चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून ते जोडले. 'ब्लडलाइन्स'च्या चाहत्यांनी केलेल्या पॅचनं याहून शहाणी पद्धत घालून दिली. त्याचे दोन भाग आहेत : साधा भाग फक्त चुका दुरुस्त करतो, 'प्लस' भाग कापलेला मजकूर जोडतो आणि काही गोष्टी बदलतो. नव्या खेळाडूला सुरुवातीला साधाच भाग द्यावा. कापलेली प्रत्येक गोष्ट वेळेअभावी कापलेली नसते, काही गोष्टी कथेला जड झाल्या म्हणूनही गेलेल्या असतात. जोडण्याआधी विचारावं : याविना कथेत भोक आहे का? असेल तरच मूळ गेममध्ये, नाहीतर पर्याय म्हणून.

तपासणी

दोन प्रकारचे तपासनीस लागतात आणि त्यांची अदलाबदल करू नये. जुने जाणकार 'हे पूर्वी असं नव्हतं' ते सांगतात. त्यांच्या मदतीला यंत्र द्यावं : तेच बीज (फाशांचा क्रम ठरवणारी सुरुवातीची संख्या) देऊन जुना आणि नवा गेम एकाच क्रमाच्या बटणांवर चालवायचा, प्रत्येक ठोक्याला पात्रांचे प्राण, जागा आणि फासे नोंदवायचे, आणि पहिला फरक कुठे पडतो ते पाहायचं. त्या फरकाच्या आधीचं सगळं बरोबर आहे हे तिथेच सिद्ध होतं.

नवे खेळाडू पाच-सहा पुरतात, पण गेम कधीच न पाहिलेले. त्यांच्या मागे बसायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही. कुठे हात थांबला, कुठल्या पडद्यावर दोनदा मागे गेला, कुठे फोन उचलून शोधायला लागला, ते वेळेसह लिहायचं. फोन उचलला ती जागा सगळ्यांत मोलाची : तिथे गेमनं सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. 'अवघड वाटलं का' हा प्रश्न विचारू नये, लोक सौजन्यानं 'नाही' म्हणतात. 'आत्ता तू काय करणार होतास आणि का' हे विचारावं. उत्तर बरोबर असून खेळाडू हरला तर ते वळण. उत्तरच त्याच्याकडे नसेल तर तिथे काम बाकी आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर माणसं नवीन घ्यावीत, एकदा वाट कळलेला माणूस पुन्हा नवखा होत नाही.

बाहेर काढल्यानंतर

मूळ आवृत्ती विक्रीतून काढू नये. 'फायनल फँटसी' ५ आणि ६ च्या स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या जुन्या आवृत्त्या पिक्सेल रिमास्टर मालिका सुरू होताना २०२१ मध्ये विक्रीतून गेल्या. २०२५ च्या 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'नं उलट केलं, सुधारित गेमसोबत जुन्या रूपातला गेमही त्याच खरेदीत दिला. नव्या खेळाडूलाही मूळ कसा होता ते पाहावंसं वाटतं, तेव्हा तो त्याच मेनूत असावा.

मॉड, म्हणजे गेममध्ये चाहत्यांनी केलेले बदल, घडवणाऱ्यांना प्रत्येक पॅचआधी काही आठवडे चाचणीची प्रत द्यावी, आणि मागच्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय कायम चालू ठेवावी. फायलींची नावं आणि क्रमांक विनाकारण बदलू नयेत. एका वस्तूचा क्रमांक बदलला की त्यावर उभे असलेले डझनभर मॉड मोडतात, आणि खेळाडूला मात्र गेमच बिघडला असं वाटतं. शेवटी, या खेपेला जमवलेलं सगळं, म्हणजे कोड, कंपायलरसकट आभासी संगणक, चित्रांच्या मूळ फायली, आवाजाच्या न कापलेल्या ध्वनिफिती, हक्कांचा तक्ता, तीन वेगळ्या जागी ठेवावं आणि वर्षातून एकदा त्यातून गेम खरंच तयार होतो का ते करून पाहावं.